रिपोर्टमध्ये विषाणू नाही, मग तो आहे कुठे? पेशीच्या डीएनएत विषाणू कसा बसतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे: "एचआयव्हीसाठी एआरटीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा व्हायरल लोडचा रिपोर्ट 'विषाणू आढळला नाही' असा येतो. तरी डॉक्टर म्हणतात, गोळी आयुष्यभर. घरचे विचारतात, रक्तात नाही तर आहे कुठे? तो जनुकात बसतो म्हणतात, तर बसतो म्हणजे काय होतं? डेंगू, कावीळ, ढोरांचा लम्पी हेही असेच बसतात का? आणि सिकलसेलसाठी विषाणूतूनच जनुक घालतात असं ऐकलं, ते काय?"

ताई, आधी घरच्यांना सांगता येईल एवढं उत्तर देतो. व्हायरल लोडची चाचणी रक्ताच्या पातळ भागात तरंगणारे विषाणू मोजते. एचआयव्हीची मूळ प्रत मात्र पेशीच्या आत, केंद्रकात, त्या माणसाच्याच डीएनएच्या धाग्याला सांधलेली असते. गोळी नव्या पेशींत होणारी लागण थांबवते, आधीचे सांधे उकलत नाही. गोळी बंद केली की त्या प्रतींतून पुन्हा विषाणू तयार होतात आणि बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतात.

आता सांधणं म्हणजे काय. वरुड-शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये संत्र्याचं कलम बांधतात तसं ते असतं. जंबेरी लिंबाच्या खुंटाच्या सालीला टी आकाराचा छेद द्यायचा, त्यात संत्र्याचा डोळा सरकवायचा, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचा. डोळा बांधणाऱ्याचं काम तिथे संपतं. जोड भरून काढतो तो खुंटच, स्वतःची जखम भरावी तसा. एचआयव्हीही छेद देतो, आपलं टोक अडकवतो, आणि उरलेली फट पेशीच स्वतःच्या दुरुस्तीच्या यंत्रणेनं भरते. फरक एवढाच की कलमात जोड कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं, खालून जंबेरीची फूट आली तर ती खुडता येते. डीएनएत जोड भरला की विषाणूचा भाग आणि माणसाचा भाग एकाच धाग्यात एकाच रसायनाचे होतात. पेशी दुभागली की दोन्ही लेकी-पेशींत तो आपोआप जातो.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी, कारण बोलताना तिचीच गल्लत होते. विषाणू पेशीला चिकटणं, पेशीच्या आत शिरणं आणि पेशीच्या डीएनएत सांधला जाणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिली दोन प्रत्येक विषाणू करतो, नाहीतर त्याची पुढची पिढीच होणार नाही. तिसरं काम फार थोडे करतात. ज्यांचं ते रोजचं काम आहे त्यांना रेट्रोव्हायरस म्हणतात, आणि एचआयव्ही त्यांतलाच.

एचआयव्हीचं पहिल्यापासून बघू. हा कण सुमारे १०० ते १२० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ-दहा हजार ओळीनं बसतील एवढा. आत आरएनएच्या, म्हणजे डीएनएसारख्याच जनुकीय मजकुराच्या, दोन प्रती, प्रत्येकी साडेनऊ हजारांच्या आसपास अक्षरांची. बाहेरच्या जीपी१२० या प्रथिनानं तो प्रतिकारशक्तीच्या पेशीवरचा सीडी४ हा खुंटा पकडतो, मग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ हा दुसरा. दोन्ही हाती लागले की जीपी४१ हे प्रथिन दुमडतं, विषाणूचं आणि पेशीचं आवरण एक होतं आणि आतली शंकूच्या आकाराची कुपी पेशीत उतरते. सीसीआर५ जन्मतःच सदोष असलेल्या दात्याचा अस्थिमज्जा घेतल्यावर टिमोथी ब्राऊन हा रुग्ण एचआयव्हीतून बरा झाला, त्याचं कारण हेच. नव्या पेशींना दुसरा खुंटाच उरला नव्हता. पण ते प्रत्यारोपण रक्ताच्या कर्करोगासाठी केलं होतं. त्यात जिवाला असलेला धोका पाहता रोज एक गोळी घेणाऱ्या माणसाला तो उपाय सुचवता येत नाही.

जुन्या पुस्तकांतल्या चित्रात ही कुपी पेशीत शिरताच फुटते आणि आरएनए मोकळा होतो. ते चित्र आता बदललं आहे. कुपी बहुतांशी अखंड राहून केंद्रकाच्या छिद्रापर्यंत जाते आणि त्यातून आतही जाते. शंकूची रुंद बाजू साधारण ६० नॅनोमीटर, छिद्रही जवळपास तेवढंच, त्यामुळे प्रवेश अगदी घासून होतो. हे तपशील व्यवहारात कामाला आले आहेत. लेनाकापाविर हे सहा महिन्यांतून एकदा टोचायचं औषध याच कुपीच्या प्रथिनाला चिकटतं. अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला लागण टाळण्यासाठीही मान्यता मिळाली.

कुपीतच पुढचं काम सुरू होतं. आपल्या पेशीत डीएनएवरून आरएनए लिहिला जातो. हा विषाणू उलटं करतो, आरएनएवरून डीएनए लिहितो. ते करणाऱ्या एन्झाईमला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज म्हणतात. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली ते वेगवेगळं शोधलं आणि १९७५ मध्ये दोघांना रेनाटो डुलबेको यांच्यासोबत नोबेल मिळालं. टेमिन त्याआधी काही वर्षं म्हणत होते की असा विषाणू डीएनएच्या रूपात पेशीत बसत असला पाहिजे. त्यांचं कुणी फारसं ऐकत नव्हतं. त्यांचा अभ्यास होता कोंबड्यांच्या गाठीच्या विषाणूवर, जो पेटन राऊस यांनी १९११ साली दाखवला होता.

रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज लिहिताना चुका करतं आणि लिहिलेलं तपासून बघत नाही. लागणीच्या दर चार-पाच फेऱ्यांत एखादं अक्षर चुकतं म्हटलं तर ते थोडं वाटेल. पण उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज कोट्यवधी नवे विषाणू तयार होतात, म्हणजे प्रत्येक शक्य चूक रोज कुठे ना कुठे होतेच. गोळी अधूनमधून चुकवली की औषध रक्तात अर्धवट राहतं, आणि या चुकांपैकी जी औषधाला दाद देत नाही ती पुढे सरकते. वाईट भाग त्यानंतरचा आहे. ती चुकीची प्रतही डीएनएत सांधली जाते आणि तिथे जपून राहते. औषध बदललं, ती प्रत रक्तात दिसेनाशी झाली, तरी पाच-सात वर्षांनी जुनं औषध परत सुरू केलं की ती वर येऊ शकते. म्हणून एआरटीची जुनी वही आणि आधी कोणत्या गोळ्या होत्या याचा कागद फेकू देऊ नका. नव्या डॉक्टरला आजच्या रिपोर्टइतकाच तो जुना कागद लागतो.

डीएनए लिहून झाला की त्याच्या दोन्ही टोकांना एकसारखा मजकूर असतो, साधारण ६३४ अक्षरांचा. या दोन टोकांना धरून बसतं ते इंटिग्रेज हे विषाणूचं दुसरं एन्झाईम. खरा सांधेकारागीर हाच. तो आधी विषाणूच्या डीएनएच्या प्रत्येक टोकावरून एका धाग्याची दोन-दोन अक्षरं तोडतो. त्यानं टोक रासायनिकदृष्ट्या उघडं पडतं, साल तासलेल्या डोळ्यासारखं. मग केंद्रकात माणसाचा डीएनए समोर आला की ती दोन उघडी टोकं त्याच्या दोन धाग्यांवर एकाच वेळी हल्ला करतात. दोन्ही वार अगदी समोरासमोर होत नाहीत, त्यांच्यात पाच अक्षरांचं अंतर असतं. तोडणं आणि जोडणं एकाच झटक्यात होतं, म्हणून त्याला वेगळी ऊर्जा लागत नाही. आता दोन्ही बाजूंना पाच-पाच अक्षरांची फट उरते. ती पेशीची दुरुस्ती यंत्रणा भरते, आणि भरताना ती पाच अक्षरं दोनदा लिहिली जातात, विषाणूच्या डाव्या बाजूला एकदा, उजव्या बाजूला एकदा. एचआयव्ही बसला त्या प्रत्येक ठिकाणी ही पाच अक्षरांची जोडखूण सापडते. अशा सांधल्या गेलेल्या प्रतीला प्रोव्हायरस म्हणतात.

प्रत्येक वेळी हे जमतं असं नाही. लिहिलेल्या डीएनएतला बराचसा सांधलाच जात नाही. इंटिग्रेजचं काम व्हायच्या आत पेशी त्या मोकळ्या टोकांना तुटलेला डीएनए समजते आणि दोन टोकं एकमेकांनाच जोडून टाकते. त्याचं गोल कडं होतं. ते कडं पुढच्या पिढीत जात नाही, पेशी दुभागत गेली की विरळ होऊन संपतं. इंटिग्रेज रोखणारं औषध दिलं की या कड्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, यावरून औषध नेमक्या पायरीवर काम करतंय हे कळतं.

बसायची जागाही अगदी आंधळेपणी निवडली जात नाही. पेशीत एलईडीजीएफ नावाचं एक प्रथिन चालू असलेल्या जनुकांवर बसलेलं असतं आणि एचआयव्हीचं इंटिग्रेज त्याचं बोट धरून जातं. त्यामुळे तो बहुतेक वेळा वाहत्या पाटाजवळ बसतो, पडीक जमिनीत नाही. जनुक चालू, म्हणजे विषाणूही चालू. अशी बहुतेक पेशी एक-दोन दिवसांत मरते.

मग आयुष्यभर राहतो तो कुठे? काही सीडी४ पेशी स्मृतिपेशी असतात. जुन्या आजाराची ओळख ठेवून त्या वर्षानुवर्षं शांत पडून राहतात. लागण झालेली पेशी अशी शांत झाली की तिच्यातला प्रोव्हायरसही झोपतो, कारण त्याला जागं करणारी पेशीतली प्रथिनं तेव्हा केंद्रकात नसतात. विषाणूचं एकही प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती पेशी निरोगी दिसते आणि औषधाला तिथे करण्यासारखं काही नसतं. उपचार चालू असलेल्या माणसात अशा शांत पेशींपैकी दहा लाखांत साधारण एक पेशी पुन्हा पूर्ण विषाणू तयार करू शकणारी असते. हा साठा अर्धा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या हिशेबानं तो पुरता संपायला सत्तरहून अधिक वर्षं जातील. शिवाय या पेशी अधूनमधून दुभागतात आणि प्रोव्हायरसची नक्कल फुकटात वाढते. तिथे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज लागत नाही की इंटिग्रेज लागत नाही, पेशी स्वतःचा डीएनए उतरवते तेव्हा तोही उतरवला जातो. गोळी हे थांबवू शकत नाही. घरच्यांना 'आहे कुठे' याचं उत्तर हे द्यायचं.

त्यासोबत दुसरी गोष्टही तितक्याच ठामपणे सांगा. विषाणू रक्तात आढळत नाही अशी स्थिती टिकलेली असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. झोपलेला प्रोव्हायरस एका शरीरातून दुसऱ्यात उडी मारत नाही. अजूनही खेड्यात घरातल्या घरात ताट-वाटी वेगळी केली जाते, त्याला या रोगात कधीच आधार नव्हता.

आता गोळीबद्दल, कारण इथे गावपातळीवर चूक होते आणि ती टाळता येते. सध्याची टीएलडीची गोळी म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजला अडवतात, तिसरं इंटिग्रेजला. इंटिग्रेजच्या कामाच्या खाचेत मॅग्नेशियमचे दोन कण धरलेले असतात, त्यांच्याशिवाय ते तोडूही शकत नाही, जोडूही शकत नाही. डोल्युटेग्राविर नेमकं त्या दोन कणांना पकडून खाचेत ठाण मांडतं. धातूला पकडण्याचा हाच गुण पोटात मात्र अंगाशी येतो. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, आम्लपित्ताचं पांढरं पातळ औषध यांतल्या लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमला ते आतड्यातच पकडतं आणि रक्तात कमी पोचतं. माणूस इमानदारीनं रोज गोळी घेतो आणि तरी औषध कमी पडतं.

नियम असा: टीएलडी आधी घेतली तर इतर गोळीला किमान दोन तास थांबायचं, इतर गोळी आधी घेतली तर टीएलडीला सहा तास. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत एक सवलत आहे, भरपेट जेवणासोबत घेतल्या तर टीएलडीच्या सोबतच चालतात. आम्लपित्ताच्या औषधाला ही सवलत नाही. गरोदर बाईला लोह आणि दोन वेळा कॅल्शियम दोन्ही असतात, तिथे असं बसवून द्या: सकाळी आठला नाश्त्यानंतर कॅल्शियम, अकराला लोह, दुपारी दोनला जेवणासोबत दुसरं कॅल्शियम, रात्री नऊला टीएलडी. वावरात डवरणी-निंदणीला जाणारी बाई असेल तर अकराची गोळी पदराला बांधून न्यावी लागते, ती विसरते. तिला जेवणासोबतची सवलत समजावून द्या आणि एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडून वहीत लिहून घ्या.

टीबीचं औषध सुरू झालं की त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की डोल्युटेग्राविर लवकर मोडलं जातं. म्हणून बारा तासांच्या अंतरानं डोल्युटेग्राविरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी देतात. रिफाम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची असते, आणि नेमकी तीच लोक टीबीच्या कोर्ससोबत बंद करतात. साखरेची मेटफॉर्मिन घेणारा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. डोल्युटेग्राविरमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. कामासाठी जिल्ह्याबाहेर, तेलंगणात किंवा सुरतेकडे जाणाऱ्यांनी निघण्याआधी केंद्रात सांगावं. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात.

सांधा पडायच्या आत हस्तक्षेप करता येतो, आणि त्याचं रोजच्या कामातलं उदाहरण म्हणजे वापरलेली सुई चुकून टोचल्यावर घ्यायचं औषध. पेशीत शिरल्यापासून सांधलं जाईपर्यंत साधारण एक दिवस जातो आणि पहिल्या थोड्या पेशींतून लागण पसरायला त्यापुढे काही दिवस. म्हणून पहिला डोस शक्य तर दोन तासांत, उशिरात उशीर ७२ तासांत, आणि मग पुरे २८ दिवस. जखम साबण-पाण्यानं धुवायची, पिळायची नाही.

तान्ह्या बाळाची चाचणीही वेगळी असते आणि तिथे प्रोव्हायरस कामाला येतो. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची तपासणी बाळाला लागण नसतानाही पॉझिटिव्ह येते. म्हणून सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्त घेऊन विषाणूचं जनुकीय साहित्यच शोधतात, पेशींत सांधलेला डीएनएसुद्धा त्यात सापडतो. रक्त जाड कागदाच्या कार्डावरच्या पाच वर्तुळांत घेतात. नमुना बिघडतो तो इथे. टाच दाबून पिळली तर ऊतीतलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. एका वर्तुळात दोनदा थेंब टाकला तर थर चढतो आणि मोजमाप चुकतं. वर्तुळाला बोट लागलं तर दूषित होतं. कार्ड आडवं ठेवून, उन्हापासून दूर, पंख्याचा झोत न देता किमान चार तास वाळू द्यायचं. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा चार तास पुरत नाहीत. रंग लाल जाऊन एकसारखा गडद तपकिरी झाल्याशिवाय पाकिटात घालू नका, आणि ओलावा शोषणारी पुडी विसरू नका. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी पुढच्या ठरलेल्या तपासण्या सोडायच्या नाहीत, कारण अंगावरचं दूध चालू असेपर्यंत धोका पूर्ण संपत नाही.

आता बाकीचे विषाणू. डेंगू, चिकुनगुन्या, फ्लू, कोरोना, कोंबड्यांची मानमोडी (रानीखेत) हे सगळे आरएनएचे विषाणू आहेत. त्यांच्या वाटेत डीएनएची पायरीच नाही, म्हणून ते सांधले जात नाहीत. डेंगूनंतर महिनाभर थकवा राहतो तो वेगळ्या कारणानं. लम्पीचा विषाणू डीएनएचा असूनही केंद्रकात जातच नाही. देवीच्या कुळातला तो, स्वतःची सगळी हत्यारं सोबत घेऊन येतो आणि पेशीच्या ओसरीतच काम उरकतो. बरं झालेलं ढोर मोकळं होतं.

काविळीबाबत थांबून बोललं पाहिजे, कारण गावात कावीळ हा एकच शब्द आहे. पावसाळ्यात पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ आरएनए विषाणूची, ती जाते. बी प्रकार वेगळा. त्याचा ३२०० अक्षरांचा डीएनए यकृताच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन गोल कडं बनतो आणि सांधला न जाता तिथेच ठाण मांडतो. हेच त्याचं खरं घर. पण कधीकधी त्याची फसलेली, सरळ राहिलेली प्रत पेशीच्या डीएनएच्या एखाद्या तुटलेल्या जागी चिकटते. हा अपघात असतो, बी विषाणूकडे इंटिग्रेज नाही. अशा तुकड्यातून पूर्ण विषाणू परत तयार होत नाही, तरी त्याच्या आवरणाचं प्रथिन तयार होत राहतं, आणि पुढे कर्करोगाला त्यातून वाट मिळू शकते. जन्मल्यापासून २४ तासांत बाळाला बी काविळीची लस द्यायचा आग्रह यासाठी आहे. लहानपणी झालेली लागण बहुतेकदा आयुष्यभर राहते. आणि टीएलडी घेणाऱ्याला बी कावीळही असेल तर गोळी अचानक बंद करणं दुप्पट धोक्याचं, कारण त्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन बी विषाणूलाही दाबून ठेवत असतात. बंद केली की यकृत भडकू शकतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एचपीव्ही हाही अपघातानंच सांधला जाणारा. त्याचं सुमारे ८००० अक्षरांचं कडं तुटतं तेव्हा बऱ्याचदा ई२ हे जनुक मोडतं. ई२ म्हणजे लगाम. तो गेला की ई६ आणि ई७ मोकाट सुटतात आणि पेशीची वाढ रोखणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिनं निकामी करतात. विषाणूचा त्यात काही फायदा नाही, सांधल्या गेलेल्या तुकड्यातून तो पुढे पसरू शकत नाही. त्रास बाईला होतो, आणि लागणीपासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात. तेवढ्या काळात साध्या व्हिनेगरसारख्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीत बदल दिसू शकतो, म्हणून तीस वर्षांवरच्या बायांना तपासणीला आणणं हे तुमच्या कामातलं फार मोलाचं काम आहे.

कोंबड्या पाळणाऱ्या बचत गटांसाठी एक सांगून ठेवतो. मरेक हा आजार पक्षी लंगडा करतो, एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला. त्याचा विषाणू कोंबडीच्या गुणसूत्रांच्या टोकाशी सांधला जातो, कारण त्याच्या डीएनएत त्या टोकांसारखाच मजकूर असतो. लोक याला मानमोडी समजतात आणि रानीखेतची लस देतात, तिचा इथे उपयोग नाही. मरेकची लस उबवणी केंद्रात पिल्लू एक दिवसाचं असतानाच मानेच्या कातडीखाली द्यावी लागते. ती गाठी टाळते, लागण टाळत नाही. म्हणून पिल्लं घेतानाच लस दिल्याचं विचारा आणि नवी पिल्लं जुन्या कोंबड्यांच्या भुशावर सोडू नका. विषाणू पिसांच्या धुळीतून पसरतो.

लसीनं आपलं जनुक बदलतं का, हेही विचारलं जातं. कोव्हॅक्सिनमध्ये मेलेला विषाणू होता. कोव्हिशिल्डमध्ये ॲडिनोव्हायरस नावाच्या वेगळ्या विषाणूचा डीएनए होता, तो केंद्रकात जातो पण वेगळाच राहतो. त्याच्याकडे इंटिग्रेज नसतं आणि तो स्वतःची नक्कल करू शकत नाही असा बनवलेला होता.

शेवटचा प्रश्न सिकलसेलचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे तो घरोघरी ठाऊक आहे. त्यात हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. इंटिग्रेजची सांधण्याची कला इथे कामाला लावली आहे. एचआयव्हीच्या कुळातला विषाणू घ्यायचा, त्यातली रोग करणारी जनुकं काढून टाकायची, त्या जागी चांगलं ग्लोबिन भरायचं. रुग्णाच्या रक्तातून, रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत त्यांना हा जनुक वाहून नेणारा विषाणू, म्हणजे वाहक, द्यायचा, म्हणजे जनुक सांधलं जातं. मग रुग्णाची जुनी अस्थिमज्जा बुसल्फान या तीव्र औषधानं मोकळी करायची आणि दुरुस्त पेशी शिरेतून परत द्यायच्या. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये अशा एका उपचाराला मान्यता मिळाली. तेव्हाची किंमत ३१ लाख डॉलर, आणि सोबत रक्ताच्या कर्करोगाचा इशारा.

तो इशारा उगाच नाही. फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांना उंदराच्या रेट्रोव्हायरसचा वाहक वापरून जनुक दिलं होतं. मुलं बरी झाली, पण काही वर्षांत त्यांच्यापैकी काहींना ल्युकेमिया झाला. तो वाहक एलएमओ२ या जनुकाच्या तोंडाशी सांधला गेला आणि ते जनुक सतत चालू राहिलं. उंदराचा विषाणू जनुकाच्या सुरुवातीला बसायला बघतो, एचआयव्ही जनुकाच्या मधल्या भागात. आताचे वाहक एचआयव्हीच्या कुळातले घेण्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय टोकाचा चालू करणारा भाग ते मुद्दाम मोडून ठेवतात. अशाच प्रकारचा वाहक वापरून मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून रक्ताच्या कर्करोगावरचा सीएआर-टी उपचार (रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जनुक घालून करायचा) तयार झाला आणि २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली.

तुमच्या गावातल्या सिकलसेलच्या पोराला आज मात्र यातलं काही मिळणार नाही, आणि कुणी हैदराबादला किंवा नागपूरला 'जनुक बदलून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर घरच्यांना थांबवा. त्याच्यासाठी आज आहे ती हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, वेळेवर लसी, भरपूर पाणी, आणि ताप किंवा छातीत दुखलं की त्याच दिवशी दवाखाना. सिकलसेलची विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली असेल तर माणूस सिकलसेलचा वाहक (एकच सदोष जनुक असलेला) की रुग्ण हे त्यातून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद मागून घ्या.